जामीन कोण राहणार? हैदराबादच्या रेल्वे, बस आणि मेट्रोच्या पैशांची गोष्ट

खूप दिवसांनी लिहितोय, आणि जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

विषयाला निमित्त झालं आमच्या घरातल्या एका भांडणाचं. माझी आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. राहते कुतबीगुड्यात, म्हणजे आमच्या काचीगुड्याच्या अगदी शेजारी. दर गुरुवारी ती दिलसुखनगरच्या साईबाबांच्या देवळात जाते, सिटी बसनं. कंडक्टरला आधार कार्ड दाखवते, तो तिच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट देतो. ९ डिसेंबर २०२३पासून तेलंगणात बायकांना साध्या आणि एक्सप्रेस बसमधून फुकट प्रवास आहे, त्या महालक्ष्मी योजनेतलं हे तिकीट. माझी लेक मात्र हायटेक सिटीत नोकरीला. उस्मानिया मेडिकल कॉलेजच्या स्टेशनवर मेट्रोत चढते, अमीरपेटला गाडी बदलते, आणि महिन्याला बरेच पैसे मोजते.

दिवाळीच्या फराळाला सगळे जमलो होतो तेव्हा लेक सहज म्हणाली, "आत्याआजी, तुझ्या त्या फुकट तिकिटामुळेच आमची मेट्रो बुडाली बरं का. कंपनीवालेच म्हणालेत."

आत्यानं चकलीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "माझं तिकीट फुकट नाही गं. त्याचे पैसे सरकार भरतं बसवाल्यांना. आणि तुझी मेट्रो बुडाली तर तीही सरकारच घेतंय ना? मग दोघींचा जामीन एकच झाला की."

मी हसलो खरा, पण तो 'जामीन' शब्द डोक्यात अडकून बसला. कारण तो आमच्या आजोबांचा शब्द होता.

आजोबा परभणीकडचे. मनमाडहून परभणी, नांदेड करत मीटरगेजची जी गाडी काचीगुड्याला यायची, त्या गाडीनं ते १९२८च्या सुमारास हैदराबादला आले आणि रेल्वेच्याच हिशेब दफ्तरात चिकटले. मराठवाड्यातून आलेली आपली बहुतेक घरं काचीगुडा, कुतबीगुडा, बडी चौडी, सुलतान बाजार या पट्ट्यातच का वसली, असं मुलं विचारतात. उत्तर सोपं आहे. गाडी तिथं थांबायची. ट्रंक घेऊन उतरलेला माणूस पहिली खोली स्टेशनच्या आसपासच बघणार. शिवाय पुढं शाळेला विवेक वर्धिनी आणि वाचायला मराठी ग्रंथसंग्रहालय, दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर.

तर ही रेल्वे. तिचं नाव होतं 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे'. लहानपणी मला वाटायचं, गॅरंटीड म्हणजे गाडी वेळेवर येण्याची गॅरंटी. आजोबा खो खो हसायचे. म्हणायचे, "गाडीची नाही रे, व्याजाची!"

ती भानगड अशी. १८७४ साली वाडीहून सिकंदराबादपर्यंत पहिली लाइन सुरू झाली. वाडी मुंबई-मद्रास रस्त्यावरचं जंक्शन, म्हणजे तिथं जोडलं की हैदराबाद जगाशी जोडलं गेलं. ती लाइन दिवाण सर सालारजंग यांच्या काळात रियासतीच्या पैशानं झाली आणि खजिन्याला ते ओझं चांगलंच जाणवलं. पुढं वरंगल, बेजवाडा आणि चांद्याच्या दिशेनं रूळ न्यायचे तर पैसा आणायचा कुठून? तेव्हा लंडनमध्ये कंपनी काढायची ठरली. भांडवल तिथल्या भागधारकांचं. पण कोण कुठला इंग्रज पेन्शनर दख्खनच्या रानातल्या रेल्वेत पैसे घालणार? म्हणून निजाम सरकारनं हमी दिली: भांडवलावर वर्षाला पाच टक्के व्याज, वीस वर्षं. रेल्वेनं तेवढं कमावलं तर ठीक, नाहीतर उरलेलं खजिन्यातून. १८८३ साली कंपनी उभी राहिली, १८८५मध्ये तिनं रेल्वेचा ताबा घेतला.

त्या काळचा हा नवाच मार्ग होता असं नाही, ब्रिटिश हिंदुस्थानात आधीच्या रेल्वे अशाच हमीवर झाल्या होत्या. पण हैदराबादला तो नवा होता. आणि सौदा नीट समजून घ्या. नफा झाला तर कंपनीचा, तोटा झाला तर रयतेचा. शिवाय रयत सारा भरणार हाली शिक्क्यात आणि व्याज जाणार पौंडात. ज्यांना हाली-कलदार आठवत नाही त्यांच्यासाठी सांगतो: आपला हाली रुपया ब्रिटिश कलदार रुपयापेक्षा हलका होता, साधारण सात हालीला सहा कलदार.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. हा सौदा लोकांनी मुकाट्यानं गिळला नाही. १८८३मध्ये 'चांदा रेल्वे'च्या योजनेवरून हैदराबादेत चळवळ झाली. चांदा म्हणजे आपलं चंद्रपूर. मागणी काय होती? फार मोठी नाही: कराराच्या अटी लोकांसमोर ठेवा. पुढाऱ्यांत होते अघोरनाथ चट्टोपाध्याय, सरोजिनी नायडूंचे वडील, आणि मुल्ला अब्दुल कय्यूम. अघोरनाथांना त्यापायी मे १८८३मध्ये रियासतीतून हद्दपार केलं गेलं. पुढं त्यांना परत येता आलं. हैदराबादच्या सार्वजनिक जीवनातलं हे अगदी सुरुवातीचं आंदोलन. ते ना धर्मावरून झालं, ना भाषेवरून. एका रेल्वेचे पैसे कोण भरणार यावरून झालं. आपल्या पोरांना शाळेत हे कुणी सांगत नाही, म्हणून इथं सांगितलं.

अटी लपवण्यासारखं काही होतं का? बरंच होतं, असं पुढं दिसलं. रियासतीच्या वतीनं लंडनमध्ये वाटाघाटी करणारे सरदार अब्दुल हक. त्यांनीच खाणींच्या मक्त्याचाही सौदा केला. 'हैदराबाद (डेक्कन) कंपनी' निघाली, सिंगरेणीचा कोळसा तिच्याकडं गेला. शेअरच्या व्यवहारात हकसाहेबांचे हात इतके बरबटलेले निघाले की १८८८मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला त्यावर चौकशी समिती बसवावी लागली. रुळांबरोबर खाणी. हे लक्षात ठेवा, पुढं मॉलच्या वेळी आठवेल.

आजोबांना या सगळ्याचं इतकं अप्रूप का, तर त्यांच्या घरात जामिनाची एक जखम होती. चुलत भावानं चादरघाटला कापडाचं दुकान काढलं, सावकाराचं कर्ज काढलं, आणि आजोबा जामीन राहिले. सही करताना आजी म्हणाली होती म्हणे, "दुकान त्यांचं, सही तुमची, हे कसं?" दुकान तीन वर्षांत बसलं. आजीच्या पाटल्या गेल्या. त्या पाटल्यांचा विषय आमच्या घरात कधी उघडपणे निघाला नाही, पण 'जामीन' हा शब्द आला की आजी उठून स्वयंपाकघरात जायची. त्यामुळं आजोबा रेल्वेचा हिशेब मांडताना रियासतीला आपल्याच जागी बघत असावेत.

१ एप्रिल १९३० रोजी निजाम सरकारनं ती रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. आजोबा नोकरीत नवे होते. सांगायचे, टेबल तेच, वह्या त्याच, साहेबही तेच, फक्त वरचं नाव बदललं. पण हिशेब दफ्तरातल्या माणसांना एक फरक लगेच कळला: नफा आता लंडनला जाणार नाही.

आणि नेमकी इथून पुढची गोष्ट मला खऱ्या अर्थानं नवी वाटते. रेल्वे सरकारची झाल्यावर दोनच वर्षांत, जून १९३२मध्ये, रेल्वेनंच बस सुरू केल्या. २७ बस आणि १६६ माणसं. बांधणी अल्बियन कंपनीची. त्यातली एक जुनी अल्बियन मुशीराबादच्या बस भवनात ठेवलेली आहे. कुणी हैदराबादला आलात तर पोरांना जरूर दाखवा.

रेल्वेनं बस का काढाव्यात? कारण तेव्हा खाजगी मोटारी रेल्वेला समांतर धावून तिचे उतारू पळवत होत्या. ब्रिटिश हिंदुस्थानात यावर नुसत्या परिषदा आणि अहवाल झाले. निजामाच्या रेल्वेनं वेगळा विचार केला: भांडायचं कशाला, दोन्ही आपणच चालवू. जिथं गाडी जात नाही तिथं बस जाईल, उतारूला स्टेशनापर्यंत आणून सोडेल, आणि दोन्हींचे पैसे एकाच गल्ल्यात पडतील. बसच्या एखाद्या मार्गावर तूट आली तरी तिनं आणलेला उतारू रेल्वेचं तिकीट काढतोच. आजोबांच्या भाषेत, "एका खिशातून पडलं तर दुसऱ्या खिशात सापडतं." पुढं तर याच रेल्वेचा हात डेक्कन एअरवेजमध्येही होता. रेल्वे, रस्ता आणि हवा, तिन्ही!

जाता जाता एक आख्यायिका. आपल्याकडं एसटीच्या, म्हणजे इथल्या आरटीसीच्या बसच्या नंबरात 'झेड' अक्षर असतं. म्हणतात, सातव्या निजामानं आपल्या आईच्या, जोहरा बेगमच्या नावावरून ते ठेवायला लावलं. खरं-खोटं अल्ला जाणे, पण 'झेड' अजून आहे.

हा एक गल्ला फार वर्षं टिकला नाही. रियासत गेली. १ नोव्हेंबर १९५१ला बस खातं रेल्वेपासून तोडून राज्य सरकारकडं आलं, रेल्वे केंद्राकडं गेली. ११ जानेवारी १९५८ला आंध्र प्रदेशचं एसटी महामंडळ झालं. तेव्हापासून काचीगुडा स्टेशनातून बाहेर पडलेला उतारू आणि समोरून जाणारी बस यांचा एकमेकांशी संबंध उरला नाही. आमच्या लहानपणी गाडी रात्री आली की रिक्षावाल्याशी घासाघीस करण्याशिवाय इलाज नसायचा. "कायकू इत्ता बोलरै मियाँ" इथून सुरुवात.

२००३ साली पुन्हा एकदा दोन खिसे जवळ आले. एमएमटीएसच्या लोकल गाड्या निघाल्या. रेल्वेचे जुने रूळ वापरायचे आणि खर्च रेल्वे व राज्यानं निम्मा निम्मा करायचा. मला ही योजना फार शहाणपणाची वाटायची, अजून वाटते. नवी जमीन जवळपास नाही, स्टेशनं आहेतच, फक्त सिग्नल आणि डबे वाढवायचे. दुसऱ्या टप्प्यात राज्याचा वाटा दोन तृतीयांश झाला आणि काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. गाड्याही कमीच. मालकी एकाची, गरज दुसऱ्याची, असं झालं की होतं ते झालं.

इथल्या इतर गावच्या मंडळींना आपापली उदाहरणं आठवतील. मुंबईच्या बेस्टनं कित्येक दशकं विजेच्या पैशातून बसची तूट भरली, तोही एक गल्लाच. इंदूरकरांनी २००५-०६मध्ये वेगळीच युक्ती केली. महापालिका आणि विकास प्राधिकरण यांनी मिळून अवघ्या २५ लाखांच्या भांडवलावर कंपनी काढली. बस विकत घेतल्या खाजगी चालकांनी, उलट तेच मार्गासाठी कंपनीला दरमहा प्रीमियम देणार. पासाचे आणि जाहिरातींचे पैसे दोघांत वाटून. थोडक्या पैशात रस्त्यावर नव्या बस दिसल्या. इंदूरची आमची विहीणबाई त्या बसचं इतकं कौतुक करायची की जणू तिच्याच भावानं काढल्यात. पुढं त्या चालकांचं गणित किती जमलं, ते इंदूरकरांनीच खाली लिहावं.

आता मेट्रो. हैदराबादची मेट्रो ही देशातली खाजगी भांडवलावरची सगळ्यात मोठी मेट्रो म्हणून गाजली, आणि कल्पना खरोखर चमकदार होती. कल्पना अशी: मेट्रो आली की आजूबाजूच्या जमिनीचे भाव वाढतात. ती वाढ एरवी ज्याच्या त्याच्या खिशात जाते. तीच जर मेट्रो बांधणाऱ्याला मिळाली, तर तो तिकिटाचे दर कमी ठेवून आणि सरकारकडं फारसं न मागता मेट्रो चालवेल. म्हणून डेपोंवर आणि स्टेशनांजवळ मिळून २६९ एकर जागा द्यायची, त्यावर १८५ लाख चौरस फूट बांधकामाची मुभा. उत्पन्नाचा अंदाज होता: निम्मं तिकिटांतून, ४५ टक्के जागांतून, ५ टक्के जाहिरातींतून.

२००८मध्ये पहिली निविदा मेटास कंपनीच्या गटानं जिंकली. हे 'मेटास' म्हणजे इंग्रजीत 'सत्यम' उलटं लिहिलं की होतं ते. इतर मेट्रोंना सरकारनं पैसे द्यावे लागतात. हे म्हणाले, आम्हीच सरकारला ३५ वर्षांत ३०,३११ कोटी देऊ! पेपरात आलं तेव्हा सगळं शहर खूश. आमच्या ग्रंथसंग्रहालयातले एक निवृत्त मास्तर मात्र म्हणाले, "नवरीकडचे हुंडा नको म्हणाले तर समजू शकतो. पण नवरदेवच उलटा हुंडा देतोय म्हणजे त्याची नजर शेतावर आहे." जवळपास हेच दिल्ली मेट्रोच्या ई. श्रीधरन यांनी नियोजन आयोगाला लिहिलेल्या पत्रात म्हटलं होतं: बांधणाऱ्याचा डोळा रुळांवर नाही, जमिनीवर आहे. जानेवारी २००९मध्ये सत्यमचा घोटाळा फुटला, आणि जुलैमध्ये करार रद्द झाला.

२०१०मध्ये दुसरी निविदा एल अँड टीनं जिंकली. त्यांनी १,४५८ कोटींचं अनुदान मागितलं. हे निदान माणसांच्या भाषेतलं गणित होतं. करार ३५ वर्षांचा. कंपनीनं काम चांगलं केलं, हे कबूल करायला हवं. पण सुलतान बाजारच्या अरुंद रस्त्यातून खांब येणार म्हटल्यावर आपल्या ओळखीच्या दुकानदारांनी वर्षानुवर्षं निदर्शनं केली. मार्ग बदलण्याच्या घोषणाही झाल्या, आणि शेवटी मेट्रो तिथूनच गेली. २८ नोव्हेंबर २०१७ला पहिली गाडी धावली, सुलतान बाजारचं स्टेशन ७ फेब्रुवारी २०२०ला उघडलं. आणि दीड महिन्यात लॉकडाऊन. सप्टेंबरपर्यंत गाड्या बंद. कर्जाचं व्याज काही बंद नव्हतं.

रोज १५ लाख उतारू येतील असा अंदाज होता, येतात साडेचार-पाच लाखांच्या आसपास. पंजागुट्टा, एर्रम मंझिल, मूसारामबाग, हायटेक सिटी इथं मॉल झाले, पण ठरलेल्या बांधकामाचा थोडाच भाग उभा राहिला. जागेचं उत्पन्न अंदाजाच्या जवळपासही गेलं नाही. मग आली महालक्ष्मी योजना, आणि बायका उतारू बसकडं वळल्या असं कंपनीच्या वरिष्ठांनी जाहीरपणे सांगितलं. लेकीचं ते वाक्य तिथलंच. मे २०२५मध्ये मेट्रोचे दर वाढले. आणि सप्टेंबर २०२५मध्ये तत्त्वतः ठरलं की राज्य सरकार मेट्रो ताब्यात घेईल: सुमारे १३,००० कोटींचं कर्ज अंगावर आणि वर भागभांडवलापोटी सुमारे २,००० कोटी.

१९३० आणि २०२५. हमीचा कागद या वेळी नव्हता, हे खरं. उलट, धोका कंपनीनं घ्यायचा हीच तर सगळी शेखी होती. पण ज्या गाडीतून रोज पाच लाख माणसं कामावर जातात, ती बंद पडू द्यायची हिंमत कुठल्या सरकारमध्ये आहे? जामीन कागदावर सही करतो तेव्हाच होतो असं नाही. आमच्या आजोबांनी निदान सही केली होती.

आता माझं मत, पटलं नाही तर भांडा. जागेच्या भाववाढीतून पैसे काढणं ही कल्पना चुकीची नाही. चूक ही की ती भाववाढ खऱ्या अर्थानं झाली माधापूर-गच्चीबावलीच्या खाजगी प्लॉटांवर, आणि मेट्रोच्या वाट्याला आले स्टेशनाखालचे गाळे. आणि दुसरी चूक त्याहून मोठी: एकाच रस्त्यावर वरून मेट्रो आणि खालून बस, एकीच्या तिकिटाचं नुकसान कंपनीचं, दुसरीच्या तिकिटाचं बिल सरकारला. दोन गल्ले एकमेकांचे उतारू ओढतात. १९३२मध्ये रेल्वेला जे सुचलं ते नव्वद वर्षांनी आपल्याला सुचत नाही. आता मेट्रो आणि आरटीसी दोन्ही राज्याच्याच हातात येताहेत. आत्याला बसनं देवळाऐवजी जवळच्या मेट्रो स्टेशनाला सोडलं आणि पुढं त्याच तिकिटावर नेलं, तर दोघींचं भांडण मिटेल. पण त्यासाठी आधी कराराचे कागद लोकांसमोर यायला हवेत. अघोरनाथांची ती मागणी अजून शिळी झालेली नाही.

परवा आत्याला मुद्दाम मेट्रोतून दिलसुखनगरला नेलं. पहिल्यांदाच. सरकत्या जिन्याला घाबरली, लिफ्टनं गेलो. खिडकीतून खाली मुसी, चादरघाटचा पूल, बसांची रांग. सगळं बघून झाल्यावर तिनं विचारलं, "तिकीट केवढ्याचं?" सांगितलं. परत येताना ती मुकाट्यानं बस स्टॉपकडं वळली, आधार कार्ड हातात धरून.

ता. क. आजोबांच्या वेळच्या निजाम्स स्टेट रेल्वेच्या रोड ट्रान्सपोर्ट खात्याचं एखादं जुनं तिकीट, पास, बिल्ला कुणाच्या घरी ट्रंकेत असेल तर फोटो टाका. आमच्याकडं त्यांच्या पगाराची एक पावती होती, १९६९च्या पावसात भिजून गेली.